आईला बाहेर बसवलं तेव्हा

अकराव्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा आजार जडला. शौचावाटे रक्त जायचं, वजन उतरायचं, औषधानं बरं वाटायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटायचं. आई मला भातकुलीहून अमरावतीच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यायची. डॉक्टर विचारायचे मला, सांगायची ती. कितीदा जाऊन आली, रक्त पडलं का, सगळं. मी खाली मान घालून बसायचे.

अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी मला अकोल्याच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. "तिथं तूच बोलायचं," असं बजावून.

अकोल्यात नंबर लागला, तशी आई पदर सावरत उठली. मला डॉक्टरांना विचारायचं होतं, या आजारात लग्न, मूलबाळ होतं का? आईसमोर ते तोंडातून निघालं नसतं.

"आई, तू बाहेरच थांब."

"काहून?"

"मी आता मोठी झाली ना."

ती पुन्हा खाली बसली. आत मी न अडखळता बोलले. डॉक्टर म्हणाले, आजार ताब्यात ठेवला तर दोन्ही होतं, फक्त औषध मनानं बंद करायचं नाही. मी तरंगतच बाहेर आले.

एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर आई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच विचारलं, "रागावली का?"

"राग कायचा? मले एक विचारायचं होतं त्याईले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लहान होती तवा मी निंदायले जात होतो. सकाळची भाजी-भाकर तुले संध्याकाळी चारत होतो. त्यानंच झालं असंन ना हे?"

"मंग अमरावतीले काहून नाही विचारलं?"

"तू समोर राहायची. कसं विचारू?"

इतकी वर्षं ती हे घेऊन माझ्या शेजारी बसत होती. आज माझ्यासमोरच विचारायची हिंमत करून आली, तर मी तिला दाराबाहेर ठेवलं.

पुढच्या खेपेला माझं झाल्यावर मी तिला आत बसवलं आणि बाहेर आले. परतली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "शिळ्यानं नाही होत म्हणे," एवढंच म्हणाली.

आता मी एकटीच अकोल्याला जाते. डॉक्टरांचं सगळं घरी सांगते, फक्त लग्नाचं नाही. आईलाही तीच काळजी असणार, हे कळतं. तरी जीभ रेटत नाही.