करड्यावर करडी रेघ

"निळा घे की. तुमचा तर ठरलेलाच आहे."

सर एवढंच म्हणाले. सगळी लॅब हसली. शेजारी बसलेली माझी मैत्रीण हसली. मीही हसले. त्याचीच चीड जास्त येते.

सोलापुरात आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या मुलांसाठी शिबिर होतं. तेल शोधायचं सॉफ्टवेअर शिकवणार होते. ज्यांचं काम चांगलं, त्यांची नावं सर एका तेल कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवणार होते. मला जायचंच होतं. आई दवाखान्यात फरशी पुसते. माझ्या शिक्षणाकडं ती डोळे लावून बसलीय.

जमिनीत हादरे सोडतात, ते खालच्या खडकांवर आपटून परत येतात. त्याचं चित्र पडद्यावर दिसतं, नुसत्या काळ्या-करड्या पट्ट्या. त्यातली एक पट्टी धरायची आणि तिच्यावरून माऊसनं रेघ ओढत न्यायची. आधी सॉफ्टवेअर रेघेचा रंग विचारतं. मी रंग बघत होते आणि सर मागं उभे होते.

मी करडा घेतला. कुणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून. आमच्या गल्लीची कमान निळी, आमचं दार निळं, आणि मी दोन शब्दांना भिऊन करडी झाले.

घरी आईनं विचारलं, "जमतंय न्हवं?" मी व्हय म्हणाले.

शेवटच्या दिवशी सरांनी एकेकाचं काम भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. लाल, हिरव्या, पिवळ्या रेघा. माझी फाईल उघडली. करड्यावर करडी रेघ, काही दिसेना. सरांनी नीट बघितलंही नाही. "हिनं काहीच केलेलं नाही. यांना कशाला करावं लागतंय? जागा राखीव असतेच." असं म्हणून त्यांनी पुढची फाईल उघडायला घेतली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. निम्मा राग माझ्यावरच होता. सगळे हसले आणि मी माझी मीच लपले.

मी उठले. सरांच्या टेबलाशी गेले, माऊस ओढून घेतला आणि रेघेचा रंग बदलला. निळा. रेघ उमटली, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सर जरा गडबडले. मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. तिथं खडक तुटून खाली सरकलेला होता आणि माझी रेघ भलत्याच पट्टीवर गेली होती. चूक होती, खरीच.

"बघा. केलं तेही चुकलंच."

माझ्या तोंडात घरची बोली आली. "चुकलंय तर चूक म्हणा, सर. केलंच न्हाय म्हणू नका."

सरांनी पुढची फाईल उघडली. प्रशिक्षणाला माझं नाव गेलं नाही. मैत्रिणीचं गेलं. तिची रेघही त्याच जागी चुकली होती. तिला सरांनी शेजारी बसून समजावलं होतं.

मी प्राचार्यांकडं तक्रार दिलीय. मागं घे, वर्ष वाया जाईल, असे निरोप रोज येतात. आई घाबरलीय, पण मागं घे म्हणत नाही. जाऊ दे वर्ष. सर लॅबमध्ये जे बोलले ते त्यांनी चौकशीत, सगळ्यांदेखत, शब्दन् शब्द पुन्हा बोलून दाखवावं. मी समोर बसणार आहे.