नसेचा काठ लिंपणारे

माझं लग्न झालं तेव्हा निझामाचं राज्य होतं. माझं माहेर तेरजवळ आणि सासर पार मुरुमकडं. बैलगाडीनं यायचं तर वाटेत मुक्काम पडायचा. शाळा तिसरीतच सुटलेली. सासरी निम्मं बोलणं मराठी, निम्मं कानडी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या की कानडीत जायच्या आणि लाड करायच्या तेव्हाही कानडीतच. त्यामुळं मी आपली दोन्ही वेळा घाबरलेलीच असायची.

पहिल्याच सुगीला भुईमूग लई चांगला आला. मामंजी, म्हणजे सासरे, वेल उपटायचे आणि ढिगाभोवती आम्ही बायका शेंगा तोडायला बसायचो. बाकीच्या बायका मधेच मांडी घालायच्या, पाय पसरायच्या, कंबर मोकळी करायच्या. मी मात्र नवी सून. सासऱ्यापुढं पाय पसरशील तर आमचं नाव घालवशील, असं आईनं निघताना बजावलेलं. मग काय, सकाळी उकिडवी बसले की दिवस मावळेपर्यंत उकिडवीच.

"टेक की गं जरा," आत्याबाई म्हणायच्या. मी अजूनच भराभरा शेंगा तोडायची.

असे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी उठले तर उजवं पाऊल वर येईना. गुडघा वाकत होता, मांडी उचलत होती, पण घोट्याच्या पुढं पाऊल नुसतं लोंबत होतं. चालले की फट्‌ फट्‌ वाजायचं. उंबऱ्यात अंगठा अडकला, मी आडवी झाले आणि कडेवरची घागर गडगडत अंगणात गेली.

"वारं गेलं गं पायावरनं," शेजारची म्हातारी म्हणाली. "सोनारीच्या भैरोबाला न्या, न्हायतर माहेरी धाडा. लुळी सून घिऊन काय करताव?"

माहेरी धाडा हे ऐकलं आणि मला माहेरचं घर दिसायला लागलं. मागं धाकट्या बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले तर त्यांना कोण करून घेणार? त्यातच मामंजींनी तेरच्या बाजूला जाणाऱ्या एका व्यापाऱ्याजवळ वडलांना सांगावा दिला. झालं, आता वडील गाडी घेऊन येणार आणि मला नेणार, हे मी धरूनच चालले.

पण आधी मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे होते, पण मराठीही बोलायचे.

"क्यों बेटी, पाँव को क्या हुआ?"

मामंजी शेजारी उभे, मग मी तोंड कसं उघडणार? मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं, आत्याबाईंनी मामंजींना, मामंजींनी डॉक्टरांना. डॉक्टरांचा पुढचा सवालही त्याच वाटेनं माझ्यापर्यंत आला. दोन-तीन सवाल असे झाल्यावर डॉक्टर मोठ्यानं हसले.

"तुमच्या घरात बोलणं जातं ना, तसंच अंगातही जातं," ते म्हणाले. "पाऊल उचल, हे डोकं पाठीतल्या नसेच्या कानात सांगतं, ती पायाला सांगते. थेट कुणी कुणाशी बोलत नाही."

मग त्यांनी बारक्या हातोडीनं ठोकून बघितलं, पावलावर टाचणी टोचली आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाड लागतं तिथं बोट दाबलं. बोटांपर्यंत अशी झिणझिणी गेली की मी किंचाळले.

"ही बघा. इथं नस हाडावरून वळते, वर नुसतं कातडं. तासन्‌तास उकिडवं बसलं की चेपते. वारंबिरं काही नाही."

"तुटली का वो?" मामंजींनी विचारलं.

"नाही. नस दोऱ्यासारखी, वर पापुद्र्यांचं वेष्टण. दोरा शाबूत आहे, वेष्टण चेपलंय. हुकूम निघतो, पण वाटेतच मुरतो."

"म्हंजी पाटाचा काठ ढासळलाय म्हणा की. मोटंचं पाणी सुटतंय, पर वाफ्याला पोचंना."

"बिलकुल!" डॉक्टर खूश झाले. "आणि काठ लिंपणारे नसेच्या अंगालाच बसलेले असतात. बारीक बारीक पेशी. त्यांना वेळ द्या, काही आठवडे. आणि हिला पाय पसरून बसवा."

"कुणाम्होरं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळ्यांपुढं. तालुकदारसाहेब आले तरी!"

घरी आल्यावर मला घोंगडीवर पाय पसरून बसवलं. पहिले काही दिवस मामंजीच भिंतीकडं तोंड करून जेवायचे. पाऊल लोंबू नये म्हणून आत्याबाईंनी लुगड्याचा काठ फाडून तो तळव्याखालून पोटरीला बांधला. आमचे मालक, म्हणजे नवरा, बघून म्हणाले, "बरं झालं, घोडीला लगाम लागला." मी लाजले, पण त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर हसले.

माझी नात आता डॉक्टरकी शिकते. तिनं मला चित्र काढून दाखवलं. पाय हलवणाऱ्या नसेची पेशी कंबरेपाशी, पाठीच्या कण्यात बसलेली असते आणि तिचा एकच बारीक धागा तिथून पार पावलाकडं जातो. त्या धाग्यावर दुसऱ्या पेशी ओळीनं बसतात. एकेकीनं आपापला तुकडा धरायचा आणि स्वतःलाच त्याच्याभोवती गुंडाळून घ्यायचं, थरावर थर. दोघींच्या मधे बारीक फट राहते आणि एका फटीवरून दुसरीवर निरोप उड्या मारत जातो, म्हणून तो एवढा जलद. वेष्टण बिघडलं तर त्याच जातीच्या पेशी नवीन वेष्टण घालतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. मी रडत होते, नवस बोलत होते, आणि त्या मुकाट्यानं आपलं काम करत होत्या.

रोज सकाळी आत्याबाई माझ्या अंगठ्यापुढं एक शेंग ठेवायच्या. "हान लाथ!" शेंग जागची हलायची नाही. मी म्हणायची, "आत्याबाई, न्हायच झालं बरं तर?" त्या म्हणायच्या, "मग शेंग खाऊन टाक, उद्या दुसरी ठिवू."

आणि एका सकाळी अंगठा उचलला. जेमतेमच, पण शेंग कलंडली. "अय्यो शिवा!" म्हणत आत्याबाई पिठाच्या हातानं तशाच मळ्याकडं पळाल्या.

रब्बीच्या पेरण्या उरकून वडील आले तोवर पाऊल बरंच वर यायला लागलं होतं. ते अंगणातच हात जोडून उभे राहिले. "पोरीला न्यायला आलोय. तुमचा काय दोष न्हाय."

"न्यायला?" मामंजी चकित झाले. "अवो, पोरीचा पाय दुखतोय, भेटून जावा, एवढाच सांगावा धाडला हुता."

"आन पुढल्या सुगीला शेंगा तोडायला कोण, तुमी येताव का?" आत्याबाई म्हणाल्या. "चल गं, चालून दाखव."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबरा ओलांडला. वडील माझ्या तोंडाकडं नाही, पावलाकडं बघत होते. पाऊल अडकलं नाही. ते मटकन खाली बसले आणि हसायला लागले, डोळे पुसत पुसत.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच माघारी निघाले, गाडीत शेंगांचं पोतं घेऊन. मी शिवेपर्यंत गाडीमागं चालत गेले. अजून थोडं पुढं जावं असं वाटत होतं, पण मागून आत्याबाईंची हाक आली, "बास कर गं! पाय नवा हाय, फिर माघारी!"