डॉक्टर नारायणची न धरलेली वर्षं

वाशीमच्या कोर्टात माझ्या साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती, तेव्हा दारात रिठदचा एक ओळखीचा शेतकरी येऊन उभा राहिला. त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत रक्त लागलं होतं. पट्टेवाल्यानं त्याला अडवलं, तसा तो तिथूनच ओरडला, "वकीलसायेब, चाला लवकर. डॉक्टरले तोडलं!" कुठला डॉक्टर, हे विचारायची गरज नव्हती. रिठदच्या माणसाच्या तोंडी 'डॉक्टर' म्हणजे एकच माणूस... माझा शाळेपासूनचा मित्र नारायण. अंगातला काळा कोटही न काढता मी त्याच्या दवाखान्याकडे धावलो. बैलगाडी दारातच सोडलेली होती. गाडीतला कडबा रक्तानं भिजून काळा पडला होता. नारायणला आत टेबलावर ठेवलं होतं, ज्या टेबलावर तो इतरांना ठेवायचा त्याच. कुऱ्हाड मानेच्या मुळाशी बसून खांद्याच्या हाडापर्यंत उतरली होती. सिंधूवहिनी ओल्या फडक्यानं त्याचा चेहरा पुसत होत्या. मला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "रस्त्यातच गेले, भावजी."

त्याला आता महिना होऊन गेला. या पुरवणीच्या संपादकांनी नारायणबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा 'गोरगरिबांचा कनवाळू डॉक्टर' असं काहीतरी हवं असावं. तो कनवाळू होता, पण सौम्य मुळीच नव्हता. त्याचा राग समोरच्याच्या अंगावर चालून जायचा. आम्ही कॉलेजात असताना सुट्टीत गावी आलो होतो. वाशीमच्या बाजारात एक व्यापारी बसलेल्या बैलाच्या शेपटीशी जळतं लाकूड लावून त्याला उठवत होता. नारायणनं ते लाकूड हिसकलं आणि त्याच व्यापाऱ्याच्या पाठीवर मोडलं. लोकांनी आम्हा दोघांनाही बडवलं. मी काहीच केलं नव्हतं, पण शेजारी उभा होतो ना! फुटलेला ओठ धोतराच्या सोग्यानं दाबत नारायण मला म्हणाला, "तू काहून पळाला नाही बे?" मी म्हटलं, "तू पळशील म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." त्यावर तो इतका हसला की ओठातून पुन्हा रक्त यायला लागलं.

त्याचे वडील रिठदचे कास्तकार. घरची जमीन चांगली होती आणि पोराला डॉक्टर करायचं हे त्यांनी मनात घेतलं होतं. मुंबईला पदवी झाली तेव्हा नारायणला कुठेही नोकरी मिळाली असती, पण त्याला शस्त्रक्रियाच शिकायची होती. तो विलायतेला गेला आणि तीन वर्षं तिथल्या इस्पितळात राबला. पगार नव्हता, हुद्दा नव्हता. दिवसभर मोठ्या सर्जनच्या हाताखाली उभं राहायचं, त्यांनी सोडलेलं काम पुरं करायचं आणि परीक्षा द्यायच्या. त्यातली सगळ्यांत वरची परीक्षा पास होऊन तो वाशीमला परतला, तेव्हा वऱ्हाडात त्या परीक्षेचे डॉक्टर फारसे नव्हते. नागपूरला नर्सिंग शिकलेल्या सिंधूवहिनींशी त्याचं लग्न झालं. दवाखाना जोरात चालू लागला. तेवढ्यात लढाई पेटली आणि फौजेला सर्जन हवे होते. नारायण गेला. इंग्रजांवरच्या प्रेमापोटी गेला नाही. मला म्हणाला, "जखमा तर आपल्याच पोरांच्या राहतीन ना?"

फौजेत त्याला कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि तिथूनच भांडण सुरू झालं. नियम असा होता की डॉक्टरनं पदवीनंतर वरचं शिक्षण घेतलं असेल, तर ती वर्षं त्याच्या नोकरीत धरायची. म्हणजे तो तितकी वर्षं आधी भरती झाला असं मानून त्याची ज्येष्ठता ठरवायची. नारायणची तीन वर्षं धरायला खात्यानं नकार दिला. कारण काय, तर विलायतेत तो विद्यार्थी होता, नेमणुकीवर नव्हता. 'शिक्षण म्हणजे नोकरी नव्हे,' असं उत्तर आलं. त्याच्याच बरोबर त्याच इस्पितळात, तसाच बिनपगारी राबलेल्या एका गोऱ्या डॉक्टरची वर्षं मात्र धरली गेली होती. नारायणनं मला कळवलं, मी वाशीमहून अर्ज लिहिला. नकार आला. पुन्हा लिहिला, पुन्हा नकार. मला तेव्हा वाटायचं, हा मानापानाचा प्रश्न आहे. खांद्यावर एक फित कमी असली तर माणसाचं काय बिघडतं? ते काय बिघडतं हे आसामच्या डोंगरात दिसलं.

तिथली हकीकत नारायणनं मला परत आल्यावर सांगितली, एकदाच, दवाखान्याच्या ओट्यावर बसून. बांबूच्या झोपड्यांचं इस्पितळ. खालच्या खोऱ्यात लढाई चाललेली, आणि जखमी सारखे वर येत असलेले. कुणाचं पोट उघडलेलं, कुणाचा जबडा नुसत्या कातडीवर लोंबणारा, कुणी आपलाच तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून आलेला. इस्पितळाचा मुख्य एक मेजर होता. वैद्यकीची पदवी नारायणनंतर बऱ्याच वर्षांनी घेतलेला, पण फौजेत वर्षभर आधी आलेला. म्हणून वरिष्ठ. त्याचा हुकूम होता की जखमा धुवायच्या आणि लगेच शिवून टाकायच्या. शिवलेला माणूस लॉरीत घालून मागं धाडता येतो, उघड्या जखमेचा माणूस खाट अडवतो. नारायण सांगून थकला की तोफगोळ्याच्या जखमेत माती असते, कपड्याच्या चिंध्या असतात, मेलेलं मांस असतं. ती शिवून बंद केली की आत सड धरते, आणि ती सड तासातासानं वर चढते. मेजर म्हणाला, "कॅप्टन, तुमचं मत मला कळलं. आता माझा हुकूम पाळा."

त्या दिवसांत मांडीला तोफगोळ्याचा तुकडा लागलेला एक जवान आला. नारायणचं वऱ्हाडी वळणाचं बोलणं ऐकून त्यानं डोळे उघडले. "सायेब, तुमी आपल्याइकडचे काय? मी जऊळक्याचा, सखाराम." फौजेत गेल्यापासून वऱ्हाडी बोलणारा माणूस सखारामला भेटला नव्हता. तो नारायणचा हात सोडेना. "पाय तेवढा ठेवा सायेब. वावरात बुढा एकटाच हाये." नारायणनं सगळं मेलेलं मांस काढलं, जखम मुद्दाम उघडी ठेवली आणि पुढच्या जखमीकडे गेला. मागाहून मेजर फेरीला आला. हुकूम मोडलेला पाहून त्यानं सखारामला पुन्हा टेबलावर घेतलं आणि स्वतःच्या हातानं जखम शिवली. नारायण तेव्हा शेजारच्या झोपडीत एकाच्या पोटातली आतडी जोडत होता. हात काढणं शक्य नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं टाके पाहिले आणि मेजरकडे ते काढायची परवानगी मागितली. मिळाली नाही. पुन्हा मागितली... पुन्हा नाही.

दोन दिवसांत पाय भोपळ्यासारखा सुजला. कातडी आधी तांबूस, मग काळी झाली. बोटानं दाबलं की आत चुरचुर वाजायचं, आणि वास असा की वॉर्डातली माणसं उलट्या करायची. नारायणनं मग कुणालाच न विचारता पाय कमरेच्या सांध्यापासून कापला. उशीर झाला होता. सखाराम टेबलावरच गेला. शेवटपर्यंत शुद्धीत येऊन येऊन विचारत होता, "ठेवला ना जी पाय?" आणि नारायण म्हणत होता, "ठेवला रे, ठेवला."

टेबलावरून नारायण तसाच, रक्तानं माखलेला, जेवणाच्या तंबूत गेला. दुपारची वेळ होती, मेजर जेवत होता. नारायणनं त्याला खुर्चीवरून ओढून खाली पाडलं आणि तो त्याच्या तोंडावर मारत सुटला. जबडा मोडला, दात पडले. ऑर्डर्ली धावले नसते तर त्यानं जीवच घेतला असता, हे त्यानंच मला सांगितलं. "मले थांबाचंच नव्हतं, वकील. त्याचं हाड मोडलं, माझ्या बोटाले समजलं, तरी मी मारून राह्यलो." चौकशी झाली. आरोप एकच, वरिष्ठ अधिकाऱ्यावर हात उगारला. सखारामच्या पायाबद्दल कुणी विचारलं नाही. नारायणचे पट्टे काढले, त्याला बडतर्फ केलं आणि जऊळक्यावरून जाणाऱ्या गाडीनं तो वाशीमला परतला. मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी जऊळक्याला थांबली तेव्हा डब्याची खिडकी लावून घेतली होती, असं तो म्हणाला.

लढाई संपली. माझा शेवटचा अर्ज अजून कुठल्यातरी कचेरीत पडून होता. तो मागं घ्यावा असं मला सुचलंच नाही. आणि एके दिवशी उत्तर आलं. खात्यानं फेरविचार केला होता. विलायतेतली तीनही वर्षं मान्य झाली होती, भरतीच्या दिवसापासून. मी ते घेऊन जवळजवळ पळतच दवाखान्यात गेलो. वकील म्हणून मला त्यातलं पुढचंही दिसत होतं. नारायणची ज्येष्ठता आता त्या मेजरच्या वर जात होती. मग वरिष्ठावर हात उगारल्याचा आरोप कसा उभा राहील? बडतर्फी रद्द होईल, मेजरचा हुद्दा मिळेल, नाव धुवून निघेल. मी हे सगळं एका दमात बोलून टाकलं. नारायण ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"म्हंजे त्या दिवशी तिथला मोठा मी होतो," तो म्हणाला.

"हो! तेच तर सांगतोय..."

"मी परवानगी मागून राह्यलो, वकील. दोनदा मागतली. अन् हुकूम माझाच चालाले पाह्यजे होता."

पुढं काय झालं ते फार झपाट्यानं झालं. औषधांच्या कपाटाच्या काचेत त्यानं मूठ घातली, मग दुसरी. बाटल्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या, तरी तो थांबेना. मी मागून कमरेला मिठी मारली तर त्यानं मला भिंतीवर फेकलं. शेवटी सिंधूवहिनी त्याच्या आणि कपाटाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "आता मले मारा," त्या म्हणाल्या. तो खाली बसला. त्याच्या हातातल्या काचा वहिनी काढत होत्या आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

हात बरे होण्याआधीच तो जऊळक्याला गेला, मला बरोबर घेऊन. सखारामचा बाप वावरात वखर हाकत होता. नारायणनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. टाके, परवानगी, सगळं. म्हाताऱ्यानं आधी बैल थांबवले. मग हातातली बैल हाकायची पराणी उचलली आणि नारायणच्या खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर मारायला सुरुवात केली. मी पुढं झालो तर नारायणनं मला हातानं मागं सारलं. पराणीच्या टोकाचा खिळा त्याच्या कपाळावरून ओढला गेला, रक्त डोळ्यात ओघळलं. म्हातारा मारता मारता धापा टाकायला लागला, पराणी हातातून गळाली. "काहून आला तू हे सांगाले?" तो ओरडला. "मले वाटे पोरगं गोळीनं मेलं. लगेच मेलं..." मग तो तिथंच ढेकळांत बसला आणि थोड्या वेळानं, नारायणकडे न बघता म्हणाला, "रक्त पूस. पाणी पी अन् जाय."

बडतर्फीविरुद्धच्या अर्जावर नारायणनं शेवटपर्यंत सही केली नाही. मी भांडलो, त्याला मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "वरिष्ठ असो का कनिष्ठ, जबडा तर त्या मानसाचाच मोडला ना?" त्यामुळे सरकारदरबारी तो आजही ज्येष्ठताप्राप्त बडतर्फ अधिकारी आहे. असा दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही.

एक बदल मात्र त्याच्यात झाला. त्यानंतर तो कुणाच्या परवानगीसाठी थांबत नसे. रिठदच्या त्या दिवशीही तसंच झालं. गावातल्या एका घरच्या चुलतभावांमधे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद पेटला होता. नारायण गावात एका बाळंतिणीला पाहायला गेला होता. आरडाओरड ऐकून तो वावरात धावला. तोवर एकजण डोकं फुटून पडला होता आणि गणपत नावाचा तरुण त्या पडलेल्या माणसावर कुऱ्हाड उगारून उभा होता. धुऱ्यावर सगळं गाव जमलं होतं, कुणी पुढं होत नव्हतं. पाहणारे सांगतात, डॉक्टर ओरडला, "गणप्या, ठेव खाली!" आणि सरळ त्या पडलेल्या माणसावर आडवा झाला. गणपतचा हात तोवर निघाला होता. तो थांबवू शकला नाही की त्यानं थांबवला नाही, हे कोर्ट ठरवील. मी त्या खटल्यात कुठल्याच बाजूनं उभा राहणार नाही. खालचा माणूस जगला. वहिनींनीच त्याचं डोकं बांधलं, त्याच दुपारी, शेजारी नारायणला ठेवलेलं असताना.

दवाखाना बंद होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण वहिनी रोज सकाळी दार उघडतात. मोठं काही असलं तर अकोल्याला पाठवतात, ड्रेसिंगं स्वतः करतात. नारायणनं दवाखाना उघडला तेव्हापासूनचा एक दंडक आहे. आत येणाऱ्यानं काठी, विळा, कुऱ्हाड जे असेल ते बाहेर निंबाखालच्या भिंतीशी ठेवायचं. एकदा मारामारीतले दोन्हीकडचे जखमी आतच एकमेकांवर तुटून पडले होते, तेव्हा त्यानं दोघांनाही गचांडी धरून बाहेर काढलं होतं. आता सांगणारं कुणी नाही. तरी परवा मी ओट्यावर बसलो होतो तर भिंतीशी चार-पाच काठ्या आणि एक विळा नीट ओळीनं लावलेले होते.

तेवढ्यात एक माणूस लंगडत आला. पोटरीला मळकं फडकं बांधलेलं, त्यातून पू आलेला. मी त्याला ओळखलं. गणपतचा मोठा भाऊ. जखम त्याच दिवसाची असणार. महिनाभर लपवून ठेवली असावी. वहिनींनी दारातून त्याला पाहिलं. तो निंबाखाली थांबला, खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली, भिंतीशी काठ्यांच्या ओळीत लावली. ती घसरून पडली. त्यानं वाकून पुन्हा लावली, नीट टेकल्याची खात्री केली. मग मान खाली घालून तिथंच उभा राहिला. वहिनींनी हातातलं पाण्याचं भांडं आत टेबलाशी नेऊन ठेवलं आणि त्या पुन्हा दारात आल्या.

"बाहेर काहून उभे राह्यले?" त्या म्हणाल्या. "आत या. पाय वर घ्या."