लाल रेघ भारताची

आधीच सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा, आणि शब्दही साधेच येतील. सेलूच्या एका छोट्या पेपरात मी गठ्ठे बांधून एसटीत चढवतो. छपाईत रद्दी साठते तसे आमच्याकडे किस्से साठतात. रद्दी निदान रद्दीवाला नेतो!

*

मालक एक दिवस म्हणाले, "कागद लय महाग झालाय. चाराची दोन पानं करू." दोन पानं संपादक सर स्वतःच लावू शकतात. म्हणजे पानं लावणाऱ्या सुनीताताईंचं काम जाणार.

सर म्हणाले, "थांबा, आधी अभ्यास करू!"

अभ्यास म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या भाच्याने मोबाइलवर आलेख पाठवला. भारत आणि नेपाळ दर वर्षी किती किमतीचा पेपरचा कागद बाहेरून आणतात, त्याचा. भारताची रेघ लाल, नेपाळची निळी. सरांनी तो पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात घेतला.

आमच्या मशीनला शाई एकच, काळी.

मशीनवाले रशीदचाचा ओला अंक हातात धरून म्हणाले, "सर, इसमें अपना मुलुक कौनसा?"

सर दचकले. मग म्हणाले, "वरची! आपला देश मोठा हाय."

*

मालकांना वेगळीच शंका. "रेघ वर चालली. म्हणजे कागद जास्त यायलाय?"

"न्हाई, ही किंमत हाय," सर म्हणाले.

"मग कमी कागद आला अन् महाग आला, तरी रेघ वरच?"

ताई म्हणाल्या, "मेथीसारखं हाय, मालक. औंदा दोनच जुड्यांना आधीच्या चारपेक्षा जास्त पैसे जायलेत."

मालकांनी विचार केला. "मेथी पन नेपाळहून येती का?"

*

आलेखात भारताचे आकडे डाव्या बाजूला होते, नेपाळचे उजव्या बाजूला. मधे दोन्ही रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या.

"इथं नेपाळ आपल्या बरोबरीला आला की!" मालक म्हणाले.

"आला न्हाई. दोघांची मापं वेगळी हायत, म्हणून तसं दिसायलंय," सर म्हणाले.

"दिसायलंय तर छापलं कशाला?"

*

पावसाळ्यात त्या कोपऱ्यात रोज येलदरी धरणाच्या पाण्याचा आलेख असतो. हे आम्ही सगळेच विसरलो होतो! चारठाणा गावाहून फोन आला.

"येलदरी एवढी भरली का हो? अन् दुसरी रेघ कोन्त्या धरणाची?"

"ती नेपाळची," सर म्हणाले.

फोनवरचा माणूस म्हणाला, "तिथलं पानी आपल्याला सुटंल का?"

*

दुपारपर्यंत फोन थांबेनात. सर म्हणाले, "खुलासा द्यावा लागंल. दिलगिरी, परत तोच आलेख, येलदरीचा आलेख, लोकांचे प्रश्न. दोन पानांत बसायचं न्हाई."

मालक वैतागले. "मग उद्या चार राहू द्या. पन लोकांचा गोंधळ मिटला की परवापासून दोन! गोंधळ असला तरच खुलासा, खुलासा असला तरच चार पानं."

ताईंनी खुलासा लावला. आलेखाखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'लाल रेघ भारताची, निळी नेपाळची.'

रशीदचाचांनी पहिला अंक काढला, उजेडात धरला.

"ताई, लाल किधर है?"

मालकांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे वळले. "आपले अंक असे किती निघतात! उद्या सकाळी एक लाल अन् एक निळा पेन आन. गठ्ठे बांधायच्या आधी प्रत्येक अंकावर रेघा रंगव. एकदाचं समजू दे लोकांना."

मी मान हलवली. ताईंनी टेबलाच्या खणातला आपला कंगवा आणि चष्म्याचं घर काढून पिशवीत ठेवलं. माझ्याकडे बघून त्या जरा हसल्या. मी सुतळीचा गुंडा आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडसमोरच्या दुकानात गेलो.

"काय पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"स्केचपेन," मी म्हणालो. "एक हिरवा द्या, अन् एक जांभळा."