मानेजवळची पांढरी रेघ

२०१९ साल होतं अन् मी अडुसष्ट वर्षांचा होतो. घरामागच्या टाक्यात बाभळीच्या सालीच्या पाण्यात पिकवलेलं म्हशीचं कातडं घेऊन मी कोराडीच्या बसमध्ये बसलो होतो. तिथल्या चप्पल शिवणाऱ्याला ते द्यायचं होतं. वासाने लोकांनी नाकाला रुमाल लावले. एक म्हातारी मात्र मुद्दाम माझ्याच बाजूला येऊन बसली.

न विचारताच तिने गुंडाळी उलगडली, अंगठ्याने कातडं दाबलं, कोपरा नाकाशी धरला.

"साल बाभळीची हाय. हात चांगला हाय, भाऊ."

मी फुगलो. मग तिने कातड्याची मानेकडची कापलेली कड माझ्या डोळ्यासमोर आणली. "पण ही मान कच्ची हाय. मधात पांढरी रेघ पाहा, सालीचं पाणी तिथवर पोचलंच नाही."

"मले पन्नास वर्षं झाले या कामात. तू काहून शिकवून राहिली वं?"

"चप्पल पाण्यात भिजली का तिले तुमचे वर्षं नाही समजत," ती हसून म्हणाली. तिची नखं माझ्यासारखीच सालीच्या पाण्याने मुळापर्यंत तपकिरी झालेली होती.

मी रागाने खिडकीबाहेर पाहत बसलो. नावही विचारलं नाही. मोठेपणा आडवा आला. ती उतरल्यावर मात्र कड पाहिली. रेघ होती, केसाएवढी. माझ्या हातचं कच्चं कातडं आजवर कोणाच्या पायात गेलं नव्हतं अन् जाणारही नव्हतं. कोराडीला उतरलो अन् तसाच परतीच्या बसमध्ये चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी साल कुटली अन् ते कातडं आणखी पंधरा दिवसांसाठी टाक्यात सोडलं.