नऊ वाजताचं रक्षाविसर्जन

उचगावच्या मुनव्वर शिकलगारच्या फोनात पाच हजार आठशे माणसं होती. त्यातली पाच हजार त्याला आठवायची नाहीत, आणि उरलेल्या आठशेंना तो आठवायचा नाही. तरी माणसं जोडणं हाच त्याचा धंदा. मुंबईच्या एका फंडात तो भागीदार होता. दुसऱ्यांचा पैसा नव्या कंपन्यांत लावायचा, कंपनी मोठी झाली की आपला वाटा विकून बाजूला व्हायचं. त्याचा बाप कुतुबुद्दीन सारी हयात विळ्या-कोयत्यांना धार लावत आलेला. पोरगा काय करतो म्हणून कुणी विचारलं की म्हणायचा, "पैशाला धार लावतोय. अजून काय कापल्यालं दिसंना."

खरंच दिसत नव्हतं. दोन वर्षांत मुनव्वरनं सतरा परिषदा केल्या आणि कंपनी एकही गटवली नाही. प्रवासाच्या युक्त्या मात्र तो रोज सकाळी फोनवरनं जगाला शिकवायचा. पायमोजे बुटात कोंबा. विमानात कडेची जागा धरा. कॉफीच्या रांगेत मधोमध उभं राहा, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं ओळख होते. चारशेक लोक त्याला अंगठे दाखवायचे. त्याची बायको इरम उचगावातच दातांची डॉक्टर. ती म्हणायची, "जगाला बॅग भरायला शिकवतायसा, आन् तुमची बॅग मी भरतोय."

गेल्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं विमानतळावरनं तिला 'आपल्या सोबतीबद्दल आभार, लवकरच भेटू' असा निरोप धाडला होता. तो खरा एका जपानी गुंतवणूकदाराला जायचा होता. इरमला तो आवडला, ही त्याहून लाजेची गोष्ट.

अशा माणसाला संयोगिता भेटली ती बेंगळुरूच्या परिषदेत, कॉफीच्या रांगेतच. "कुठल्या तुम्ही?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "गडमुडशिंगीची," ती म्हणाली. घरापासनं चार बांधांवरची बाई गाठायला मुनव्वरला बेंगळुरू गाठावं लागलं! तिनं काजू फोडायचं यंत्र केलं होतं. चंदगडच्या बायकांची बोटं काजूच्या चिकानं भाजायची, ती या यंत्रानं वाचत होती. आता तिच्या मागं दोन फंड लागले होते, एक मुनव्वरचा, एक दिल्लीचा. मुंबईच्या थोरल्या भागीदारानं मुनव्वरला स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत तिची सही आण. नाहीतर ऑफिसला यायचा त्रास घेऊ नकोस."

आणि शुक्रवारी संयोगिताची चुलती वारली. चिमणाबाई. यंत्राला पहिली जागा म्हणून आपला गोठा रिकामा करून देणारी हीच. पुन्हा एका परिषदेसाठी बेंगळुरूत असलेल्या मुनव्वरनं फोनवर पेपरातली जाहिरात वाचली: रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता.

कोल्हापुरात लग्न चुकलं तर माणूस रुसतो, रक्षाविसर्जन चुकलं तर तुटतो. एवढं मुनव्वरला कळत होतं. परिषद अर्धी टाकून त्यानं रविवारचं सकाळचं विमान धरलं. विमान कोल्हापूरला उतरताना खाली गडमुडशिंगीची कौलं दिसत होती. बाहेर येऊन तो रिक्षात बसला आणि म्हणाला, "पंचगंगा स्मशानभूमी. जरा हाणा."

जाहिरातीत जागा लिहिली नव्हती; शहरातली पंचगंगा हा मुनव्वरचाच अंदाज. लिहायची गरजच नव्हती, ती सगळ्यांना ठाऊक असते. पाच हजार आठशे माणसांत हे विचारावं असं गडमुडशिंगीचं एक माणूस त्याच्याकडं नव्हतं. संयोगिताला विचारावं तर दुखवट्याच्या घरात पत्ता विचारायचा कसा? आणि इरमला विचारायचं त्याला सुचलंच नाही.

नदीकाठी नऊच्या ठोक्याला दीड-दोनशे माणूस उभं होतं. मुनव्वर चाकाची बॅग ओढत मधोमध जाऊन उभा राहिला. परिषदेच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यातच होता. शेजारचा म्हातारा कुजबुजला, "आता हितं बी टॅक्स लावला काय म्हापालिकेनं?"

श्रद्धांजलीची वेळ झाली. "कुणाला दोन शब्द बोलायचं असतील तर..." एवढं ऐकलं आणि मुनव्वरचा हात आपोआप वर गेला. दोन वर्षांची सवय, माईक दिसला की हात वर.

"या माऊलीनं," तो म्हणाला, "स्वतःच्या म्हशी उन्हात बांधल्या, पण गोठा पुतणीला दिला. अशी आई आता होणे नाही."

साऱ्या माना मागं वळल्या. तिथं हार घातलेल्या फोटोत गलमिशा ठेवलेला, लाल फेट्याचा एक धिप्पाड गडी होता.

"पावणं," म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "आमचं आबा गेल्यात. हंबीरराव पैलवान. तुमची माऊली कुठली?"

"गडमुडशिंगीची."

"मग हितं कशाला आलासा, मर्दा? गावच्या माणसाची माती गावातच हुती की!"

मुनव्वर आला त्या वाटेनं माघारी निघाला. गडमुडशिंगीत पोचला तेव्हा साडेदहा वाजले होते. अंगणात दहा-बारा माणसं बसलेली, कडेला संयोगिता. तिचा बाप आकाराम भिंतीला टेकून होता. म्हणाला, "नऊची येळ हुती."

"विमान लेट झालं," मुनव्वर म्हणाला.

आकारामनं वर आभाळाकडं बोट केलं. "विमान आमच्या डोस्क्यावरनंच उतारतंय. आज येळंत हुतं."

आता काय! मुनव्वरनं बॅग खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पंचगंगा, माईक, म्हशी, मिशा. सांगताना आपण किती बावळट आहोत हे त्याला प्रत्येक वाक्याला नव्यानं कळत होतं.

"हंबीररावला आई म्हणलासा?" आकारामनं विचारलं.

"व्हय."

"अवो, त्यानं गोठा सोडा, कधी कुणाला दावं दिलं न्हाय!"

संयोगिताचे डोळे रडून सुजलेले होते. तिनं ओढणी तोंडात कोंबली, पण हसू फुटलंच. मग सारं अंगण हसलं. जरा वेळानं तिनं फोन पुढं केला. दिल्लीच्या फंडाचा निरोप होता. वरती शोक, खालती सहीची लिंक. "तुमचा कागद आणलाय?" तिनं विचारलं.

"आणलाय."

आकाराम म्हणाला, "बाराव्यापतोर ह्या घरात सही हुईत न्हाय."

मुनव्वरनं तिथंच थोरल्या भागीदाराला फोन लावला. "सोमवारी नाही. बाराव्यानंतर." पलीकडून आरडाओरडा झाला. "मग मला काढा," मुनव्वर म्हणाला. हे धाडस नव्हे. दहा-बारा जण बघत बसलेले, त्यांच्यासमोर सोमवार मागायची त्याची छाती झाली नाही, एवढंच.

काढलं नाही. बाराव्यानंतर संयोगिता कागद घेऊन उचगावला आली. सही केलेली होती, पण खाली निळ्या पेनानं एक अट वाढवलेली: 'मुनव्वर शिकलगार यांनी दर मंगळवारी कारखान्यात स्वतः हजर राहावे.'

"अशी अट नसते," मुनव्वर म्हणाला.

"तुमी खरं बोलतासा, पण पकडल्यावर," संयोगिता म्हणाली. "म्हणून आठवड्यातनं एकदा समोर बसवायचं ठरवलंय."

ती गेल्यावर इरमनं कागद उचलून दोनदा वाचला. मग पेन त्याच्या हातात दिलं. "ह्या अटीखाली आमची बी लिवा. दर बुधवारी घरात हजर."

"कशासाठी बुधवार?"

"आधी लिवा. कारण मागनं सांगतो."

मुनव्वरनं लिहिलं.