एकाच गेजने तीनदा मोजलेला आजार

“रुमेटॉईड आर्थ्रायटिस आहे,” असं म्हणून डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि अँटी-सीसीपी नावाच्या ओळीवर पेन टेकवलं. मी आधी माझा आकडा बघितला, मग शेजारचा नॉर्मलचा. सवयच ती. चाकणच्या एका कंपनीत मी सतरा वर्षं क्वालिटीत आहे. आलेला माल तपासायचा, पास करायचा नाहीतर रिजेक्ट. हा आकडा सरळ रिजेक्टमध्ये जात होता.

रुमेटॉईड आर्थ्रायटिस म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या सांध्यांवर तुटून पडते. तो म्हातारपणीच होतो असं नाही. मी तेव्हा त्रेचाळीसची होते.

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी मूठ वळायची नाही. पहिल्या शिफ्टची बस गाठायला मी पाचला उठायचे आणि माझी बोटं उठायची सहाला. पुढे कामावरही अडायला लागलं. पार्टच्या भोकात गेज घालून माप बघतात, तेव्हा तो गेज सहज गेला की घासत गेला हे बोटांना कळावं लागतं. माझ्या बोटांना ते कळेना. बोटं गेली तर काम गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरबाईंनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली. “रोज नाही, आठवड्यातून एकदाच,” असं म्हणत कागदावर दोनदा अधोरेखित केलं. “आणि दीड-दोन महिने फरक दिसणार नाही. धीर धरा.”

धीर मी औषधाच्या दुकानातल्या रांगेपर्यंतच धरला. तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर टाकलं, ‘मेथोट्रेक्सेट किती घातक’. आता घातक विचारल्यावर घातकच येणार. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे कॅन्सरचं औषध आहे.

तरी दोन रविवार गोळी घेतली. मग काळेवाडीत आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहणाऱ्या शैलाताईंनी एक व्हिडिओ पाठवला आणि शिवाय जिन्यात गाठलं. “अगं, त्या गोळ्या लिवर खात्यात. ह्यो काढा घे. माझ्या भावजयीला गुण आला, खोटं न्हाई सांगत.”

एका व्हिडिओवर विश्वास ठेवायला मी काही खुळी नव्हते. एका नगावर आम्ही लॉट पास करत नाही. मी आणखी दोन व्हिडिओ शोधले. तिघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. गोळ्या सोडा, काढा घ्या, आमवात मुळापासून जाईल. तीन नग तपासले, तिन्ही सारखे, लॉट पास! काढ्याची पावडर मागवली आणि गोळ्या बंद केल्या.

माझे मिस्टर, संतोष, म्हणाले, “अगं, निदान डॉक्टरांना एक फोन तरी कर.”

“त्या काय, स्वतःचंच खरं करणार,” मी म्हटलं. पुढच्या तपासणीलाही गेले नाही. सात आठवडे माझंच खरं चाललं होतं.

मग एका सकाळी दोन्ही हात फुगले, गुडघेही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. कामावर जायचं तर वेणी घालता येईना, म्हणून संतोषने घातली. वेणी कसली, दोरखंडच तो. आम्ही दोघं खूप हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं. तसेच दवाखान्यात गेलो.

रक्त तपासलं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा घटक, वाढला होता. गोळी तर सात आठवडे बंद होती, म्हणजे हे काढ्याचं काम. मी सगळं कबूल केलं. डॉक्टरबाई रागावतील म्हणून मान खाली घातली होती, पण त्यांनी हात पुढे केला. “काय बघितलंत ते दाखवा.” बाहेर माणसं ताटकळली होती आणि या बाईंनी शैलाताईंचा तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

“सुनंदाताई, कंपनीत काय काम करता तुम्ही?”

मी सांगितलं.

“मग हा माल आत घेतलात कसा?”

काढा बंद झाला. लिव्हर ताळ्यावर येईपर्यंत गोळीही पुन्हा सुरू करायची नव्हती, तोवर सूज उतरवायला दुसरं औषध. मी आजारपणाच्या रजेवर घरी बसले. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. रिजेक्ट झालेला लॉट घेऊन बसतात तशी मी ते तीन व्हिडिओ घेऊन बसले आणि खरं सांगते, मजा यायला लागली.

तिन्ही व्हिडिओंत सुजलेल्या हाताचा फोटो एकच होता. त्याच हिरव्या बांगड्या, त्यातली एक टवका उडालेली. वाक्यंही त्याच क्रमाने. तिन्हींखाली काढा विकणारं दुकान एकच! म्हणजे मी तीन नग तपासलेच नव्हते, एकाच बिघडलेल्या गेजने तीनदा मोजलं होतं. लाइनवर एखाद्या नव्या मुलीने हे केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

मग ते कॅन्सरचं पान काढून पूर्ण वाचलं. कॅन्सरमध्ये हे औषध कितीतरी मोठ्या डोसमध्ये देतात, माझा डोस त्यापुढे किरकोळ. ते खालीच लिहिलं होतं, पण खालपर्यंत जातंय कोण? शिवाय पानावर ना तारीख, ना लिहिणाऱ्याचं नाव. असा विनाकागदाचा माल मी गेटवरूनच परत पाठवते.

प्रश्न बदलून बघितला. ‘आमवातात मेथोट्रेक्सेट कसं काम करतं, कुणाला देऊ नये.’ लगेच वेगळी दुनिया उघडली. मेडिकल कॉलेजांची, सरकारी आरोग्य खात्यांची, संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनांची पानं. त्यात धोकेही लिहिले होते. लिव्हरला त्रास होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं. गरोदरपणात तर अजिबात घ्यायचं नाही. फायदा आणि तोटा दोन्ही सांगतो त्याच्यावर माझा भरवसा बसला. नुसता गुणच गातो तो काहीतरी विकत असतो, नुसतं घाबरवतो तोही.

वाचलेलं वहीत उतरवायचं आणि डॉक्टरांपुढे ठेवायचं, असं सुरू केलं. फ्लूची लस घ्यावी का, हे मीच वाचून विचारलं. “बरं झालं विचारलंत, घ्यायचीच आहे,” त्या म्हणाल्या. मी घरी येईपर्यंत हवेत होते. शैलाताईही आता व्हिडिओ पाठवताना खाली लिहितात, ‘खरं हाय का बघ गं.’

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात मूठ वळली आणि मी कामावर गेले. उजव्या हाताची तर्जनी मात्र वाकडी राहिली. गेज धरायचं तेच बोट. मी डाव्या हाताने काम शिकले.

ते सात आठवडे गोळी सोडली नसती तर बोट सरळ राहिलं असतं का? हा प्रश्न मला नीट झोपू देत नव्हता. शेवटी तो वहीत लिहिला आणि डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावला आणि दोन्हींतला तो सांधा ताडून पाहिला.

“मला माहीत नाही, सुनंदाताई. हे कुणालाच सांगता येणार नाही.”

मोबाइलवर टाकलं असतं तर उत्तर क्षणात आलं असतं. काय टाकलं की ‘हो’ येतं आणि काय टाकलं की ‘नाही’, हे मला आता चांगलं कळतं. तुमच्यावर ही वेळ आली तर लक्षात ठेवा, जसा प्रश्न टाकाल तसंच उत्तर येतं, एवढंच माझं सांगणं. मी तो प्रश्न मोबाइलवर टाकलाच नाही. ज्या बाईंनी ‘माहीत नाही’ म्हणायची हिंमत केली, त्यांचं बाकी सगळं सांगणं मी त्या दिवशी पास केलं.